शाळेचें दार उघडलें, तिजोरीचें काय?

शाळेच्या दारावर "सर्वांस मोकळीक" अशी पाटी लागली म्हणजे काम झालें, असें समजणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही आज अमेरिकेची हकीकत सांगतों. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ तेथील ज्या सज्जनांनीं काळ्या गुलामांस मुक्त केलें त्यांस अर्पण केली. तेव्हां त्या देशाची पुढची गोष्ट आपणांस ठाऊक असावी.

व्हर्जिनिया संस्थानांत १८३१ च्या कायद्यानें काळ्या लोकांस लिहिणें-वाचणें शिकविण्यासाठीं जमविणें हाच गुन्हा होता. १८६५ त बेडी तुटली. पण दक्षिणेंत गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. कर दोघांकडून, आणि पैशाचा ओघ गोऱ्यांच्या शाळेकडे. मग १९१२ ते १९३२ या काळांत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेनें व ज्यूलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या मदतीनें खेड्यापाड्यांत काळ्या मुलांसाठीं सुमारें ५,००० शाळा उभ्या राहिल्या. फंडानें सुमारें ४३ लाख डॉलर दिले. काळ्या शेतकरी-मजुरांनीं ४७ लाख! कोणीं जमीन दिली, कोणीं लांकूड, कोणीं नुसते हात. कर एकदां सरकारांत भरला, आणि शाळेसाठीं पुन्हां घरांतून काढून दिला.

१९५४ सालीं वरिष्ठ कोर्टानें सरकारी शाळांतील ही वेगळीक बेकायदेशीर ठरविली. तेव्हां व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड परगण्याच्या कारभाऱ्यांनीं १९५९ त आपल्या सरकारी शाळाच बंद केल्या. १९६४ पर्यंत त्यांस कुलूप होतें. गोऱ्यांच्या पोरांस खासगी शाळा निघाली. काळ्यांच्या पुष्कळ पोरांचीं वर्षें मातींत गेलीं.

आतां टेक्सासची गोष्ट शेतकरी बांधवांनीं नीट ऐकावी. तेथें शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या त्या वस्तीच्या घराजमिनीवरील करांतून येई. सॅन अँटोनियोंत एजवुड ही बहुतेक मेक्सिकन वंशाच्या गरिबांची वस्ती. अलामो हाइट्स ही श्रीमंतांची. १९६७-६८ त १०० डॉलरांच्या मालमत्तेवर एजवुडचा कर १ डॉलर ५ सेंट, आणि श्रीमंतांचा ८५ सेंट. तरी सरकारी मदत धरूनही दर मुलामागें एजवुडला ३५६ डॉलर मिळत, अलामो हाइट्सला ५९४. झोपडीवर कितीही कर बसवा, वाड्याएवढा पैसा निघणार कोठून?

पालक कोर्टांत गेले. १९७३ त ९ न्यायाधीशांपैकीं ५ जणांनीं त्यांच्याविरुद्ध कौल दिला. पण एजवुड खचलें नाहीं. इतर गरीब वस्त्यांस बरोबर घेऊन तें संस्थानच्या कोर्टांत लढलें, आणि १९८९ त जिंकलें. १९९३ च्या कायद्यानें श्रीमंत वस्त्यांस आपल्या करांतील हिस्सा इतरांच्या शाळांसाठीं सोडावा लागला.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांचें गाऱ्हाणें हेंच होतें: पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या विद्येवर. म्हणून गांवच्या सभेंत "शाळा आहे काय?" एवढेंच विचारून उठूं नका. कोणाच्या मुलामागें किती पैसा पडतो, याचा हिशेब मागा. त्यांत लाज कसली? पैसा आपलाच आहे.