तारीख खोडण्याआधी चार ओळी लिहा: कुवेतमधल्या मराठी मंडळींना जाहीर आवाहन



सालमियातल्या आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. फायर अलार्मचं पॅनेल अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल, असं त्यावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे. ती तारीख कुणीतरी निळ्या पेनाने खोडून दुसरी लिहिली. पुढे ती काळ्या पेनाने खोडून तिसरी आली. आता तिसरीही उलटून गेली आहे. हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, विचारलं की तो हसून म्हणतो, "बुक्रा, इन्शाअल्ला." म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर.

जून 2025 मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा रात्री याच लिफ्टपाशी आम्ही सगळे जमायचो. कुणाच्या हातात कोपऱ्यावरच्या बकाल्यातून (किराणा दुकानातून) आणलेले पाण्याचे गॅलन, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. बोलणं एकाच गोष्टीचं: इराणच्या किनाऱ्यावरच्या बूशहरच्या अणुभट्टीला काही झालं तर? 19 जूनला इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने बूशहरवर हल्ला केल्याचं सांगून टाकलं आणि काही वेळाने ते विधान चुकीचं होतं असा खुलासा करावा लागला. त्या मधल्या वेळात कुवेतमधल्या किती आयांनी टबांत पाणी भरून ठेवलं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्यापैकी प्रत्येकजण समुद्रापलीकडच्या भट्टीची काळजी करत होता आणि पाठ टेकून उभा होता तो नेमका त्या दोनदा खोडलेल्या कागदाला.

हे आवाहन त्या कागदाबद्दल आहे आणि त्या भट्टीबद्दलही. आमच्या मते दोन्हींचा आजार एकच आहे.

समुद्रापलीकडचं शेजारपण

फहाहीलच्या किनाऱ्यावरून बूशहरचं केंद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेहरानपासून ते साडेसातशे किलोमीटर दूर. म्हणजे ज्या राजधानीतून त्या केंद्राचे निर्णय होतात, तिच्यापेक्षा आपण त्याला कितीतरी जवळ आहोत. 1975 मध्ये जर्मन कंपनीने सुरू केलेलं हे काम इराण-इराक युद्धात बॉम्बहल्ल्यांनी मोडलं, 1995 मध्ये रशियाने ते पुन्हा हाती घेतलं आणि 2011 मध्ये तिथली वीज तारांत आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, भट्टीत भरलेलं इंधन बाहेर काढावं लागलं होतं. सत्तरच्या दशकातला एक जुना पंप फुटून त्याचे धातूचे कण शीतकरणाच्या पाण्यात गेल्याचा संशय होता. ऐनवेळी इंधन काढण्याचा तो निर्णय शहाणपणाचा होता. पण जुना भाग नव्या यंत्रात ठेवून वेळ मारून नेली की काय होतं, हेही त्यातून दिसलं.

आपल्याला याची धास्ती इतरांपेक्षा जास्त का, तर पाण्यामुळे. कुवेतला नदी नाही. एके काळी शत्त अल अरबमधून गलबतांनी गोडं पाणी इथे येत असे. आज आपल्या नळाला येणारं पाणी जवळजवळ सगळं आखातातून उचलून, मीठ काढून मिळतं. दोहा, शुवैख, शुऐबा, अझ झोर, सबिया ही आपल्या लेखी केवळ वीजकेंद्रं नाहीत, आपल्या विहिरी आहेत. ज्या कुवेत टॉवर्ससमोर उभं राहून आपण गावाकडे फोटो पाठवतो, त्या मनोऱ्यांच्या गोलांतही पाणीच साठवलेलं असतं. आखात उथळ आहे, बाहेर पडायला होर्मुझची एकच अरुंद वाट आहे. त्यात काही मिसळलं तर ते लवकर निघून जात नाही. 20 जून 2025 ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की बूशहरवर थेट मारा झाला तर संरक्षक उपाय काही किलोमीटरपासून काहीशे किलोमीटरपर्यंत करावे लागू शकतील. आपण त्या 'काहीशे'मध्ये बसतो.

कुवेतने स्वतःच्या अणुभट्ट्यांचा विचार केला होता. 2022 पर्यंत चार उभारायच्या असं ठरलं होतं. 2011 मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला आणि तो बेत गुंडाळला गेला. स्वतःच्या घरात चूल न पेटवण्याचा निर्णय कुवेतच्या हातात होता. शेजाऱ्याच्या चुलीचं तसं नाही.

मुदतवाढ कशी द्यावी, कशी देऊ नये

अणुकेंद्रांची सुरक्षा सुधारायची म्हणजे भिंती, कुंपणं, कॅमेरे, पंप, पर्यायी वीज, दुसरा नियंत्रण कक्ष. हे महिन्याभरात होत नाही. म्हणून नियामक मुदत देतो आणि म्हणून ती वाढवून मागितली जाते. मुदतवाढ मागणं हा गुन्हा नाही. ती कशी दिली गेली, यात सगळं आहे.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथल्या अणुनियामक आयोगाने केंद्रांच्या संरक्षणाचे नियम कडक केले. मार्च 2009 मध्ये अंतिम नियम आला आणि पूर्ततेची तारीख ठरली 31 मार्च 2010. अनेक केंद्रांना ती जमली नाही आणि त्यांनी सवलत मागितली. आयोगाने ती दिली, पण जाहीरपणे: कोणतं केंद्र, नवी तारीख कोणती, उशीर कशामुळे. कुंपणाचा नकाशा किंवा पहाऱ्याची माणसं किती, हे अर्थातच झाकून ठेवलं. चोराला सांगू नये ते सांगितलं नाही आणि शेजाऱ्याला सांगायलाच हवं ते लपवलं नाही.

जपानने दोन्ही रस्ते चालून पाहिले. 2008 मध्ये फुकुशिमा केंद्राच्या कंपनीच्या आतल्याच एका हिशेबात त्सुनामीची लाट 15.7 मीटरपर्यंत येऊ शकते असं निघालं. त्यावर आणखी अभ्यास करू या, असं म्हणून भिंतीचं काम पुढे ढकललं गेलं. कागदावर कुणी मुदत वाढवली नव्हती, तरी ती वाढतच गेली. 11 मार्च 2011 ला समुद्राने स्वतःची तारीख लावली. त्यानंतर नव्या नियामकाने दहशतवादी हल्ला झाला तरी भट्टी थंड ठेवता येईल अशी वेगळी सोय प्रत्येक केंद्राला सक्तीची केली. एकदा मुदत सैल करूनही झाली. एप्रिल 2019 मध्ये कंपन्यांनी आणखी वेळ मागितला, तेव्हा उत्तर आलं: नाही. काम पूर्ण नसेल तर भट्टी बंद. आणि मार्च 2020 मध्ये सेंदाई केंद्राची पहिली भट्टी खरंच थांबवली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सोय तयार झाल्यावर, ती पुन्हा सुरू झाली. आकाश कोसळलं नाही. काही महिन्यांची वीज गेली, तेवढंच.

आपल्या तारापूरकडेही पाहा. 1969 पासून चालत आलेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या म्हणजे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. 2005-06 मध्ये त्या सुधारणांसाठी काही महिने बंद ठेवल्या होत्या आणि 2020 मध्ये पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. पालघर, डहाणू, बोईसरकडची अनेक कुटुंबं आज कुवेतमध्ये आहेत. त्यांच्यासाठी अणुकेंद्र ही टीव्हीवरची गोष्ट नाही. गावाकडच्या खिडकीतून दिसणारी आहे.

मंगाफची सकाळ

आता घरी येऊ. 12 जून 2024 च्या पहाटे मंगाफमध्ये जवळपास दोनशे कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक भारतीय, सर्वाधिक केरळची. तळमजल्यावर रखवालदाराच्या खोलीत शॉर्ट सर्किट झालं, असं अग्निशमन दलाने तपासानंतर सांगितलं. खोल्यांमधली पार्टिशनं पटकन पेट घेणाऱ्या साहित्याची होती. जीव वाचवायला जे गच्चीकडे धावले, त्यांना गच्चीचं दार कुलूपबंद मिळालं. त्यानंतर काही दिवस तपासण्यांचा धडाका लागला, जिन्यांतली अडगळ हलली, तळघरातली गोदामं रिकामी झाली. मग ऊन वाढलं, सुट्ट्या लागल्या आणि आमच्या लिफ्टपाशी तो कागद आला.

मंगाफच्या त्या दाराला कुलूप लावताना कुणीही 'आम्ही सुरक्षेला मुदतवाढ देत आहोत' असं म्हटलं नसेल. कुलूप उद्या काढू, एवढंच म्हटलं असेल.

आमची विनंती

म्हणून आम्ही एक साधा नियम करू पाहतोय. घरातलं, इमारतीतलं किंवा देशातलं सुरक्षेचं कोणतंही काम पुढे ढकलायचं असेल, तर जुनी तारीख खोडण्याआधी चार ओळी लिहायच्या. उशीर का झाला. नवी तारीख कोणती. तोपर्यंत धोका कशाने सांभाळायचा. आणि याला जबाबदार कोण. यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर मुदतवाढ म्हणजे रिकामा पहारा.

हा नियम हातात घेऊन आपण पुढील गोष्टी कराव्यात, ही कळकळीची विनंती:

1. येत्या शुक्रवारी अर्धा तास काढा. आपल्या इमारतीच्या तळापासून गच्चीपर्यंत जिन्याने चढा. गच्चीचं दार आतून उघडतं का, जिन्यात सिलिंडर किंवा जुने सोफे आहेत का, अलार्मचा दिवा लागतो का, ते पाहा. दिसलेल्या त्रुटी मालकाला लेखी कळवा आणि प्रत ठेवा. धोका उघड असेल तर अग्निशमन दलाला कळवायला संकोच करू नका. आपत्कालीन क्रमांक 112, तो मुलांनाही पाठ करून द्या.

2. बॅचलर इमारतींत जा. आपले व्हॉट्सअॅप गट बहुधा कुटुंबांचे. खरा धोका आहे तो एका खोलीत आठ-दहा जण राहणाऱ्या आपल्या मुलांना. दर महिन्याला प्रत्येक भागातून दोघांनी तरी तिथे जाऊन बाहेर पडायचे रस्ते त्यांच्यासोबत पाहावेत.

3. तहान लागण्याआधी विहीर खणा. माणशी रोजचं चार लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचं झाकलेलं पिण्याचं पाणी घरात ठेवा आणि फिरवून वापरा. पासपोर्ट व सिव्हिल आयडीच्या प्रती, रोजची औषधं, टॉर्च एका पिशवीत. घरात थांबा अशी सरकारी सूचना आली तर खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे बंद. आयोडीनच्या गोळ्या सरकारने सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या फक्त थायरॉइडचं रक्षण करतात आणि चुकीच्या वेळी घेतल्या तर उपयोगी पडत नाहीत.

4. बातमी आधी पडताळा. किरणोत्साराच्या मोजणीची माहिती इथे नॅशनल गार्ड आणि सरकारी यंत्रणा देतात. अधिकृत वृत्तसंस्था आणि सरकारचं 'सहेल' अॅप सोडून आलेला कोणताही 'फॉरवर्ड' पुढे ढकलू नका. घोळक्याने जमणं, निदर्शनं, फलक, हे या देशाच्या कायद्यात बसत नाही आणि या आवाहनाचा तो हेतूही नाही.

5. नागरिक म्हणून विचारा. आपल्यातल्या भारतीय नागरिकांना परदेशातूनही माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा: तारापूरच्या सुधारणांपैकी कोणत्या कामांची मुदत वाढली, का, कधीपर्यंत, आणि मधल्या काळात काय सोय होती? पहाऱ्याचे तपशील मागू नका, ते मिळू नयेतच. तारखा मागा.

"आपण इथे पाहुणे, आपलं कोण ऐकणार?"

हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि तो खोटा नाही. बूशहरच्या कुंपणाला कोणती तार लावायची, हे आपल्याला कुणी विचारणार नाही. पण हे आखात सांभाळायला 1978 मध्ये आठ देशांनी, कुवेत आणि इराण दोघांनीही, इथेच कुवेतमध्ये करार केला. तो आजही कुवेतच्याच नावाने ओळखला जातो. मध्ये युद्धं झाली, तरी पाणी सगळ्यांचं आहे हे कागदावर राहिलं. देशांना जे शत्रुत्वातही जमलं, ते एका इमारतीतल्या चोवीस घरांना का जमू नये?

आमच्यापुरतं आम्ही सुरू केलं आहे. या शुक्रवारी त्या खोडलेल्या कागदाखाली दुसरा कागद लागेल. पहिल्या ओळीत उशिराचं कारण मालकाने सांगितलेलं: पॅनेलचा सुटा भाग बाहेरून यायचा आहे. दुसऱ्या ओळीत नवी तारीख, यावेळी मालकाच्या सहीने. तिसऱ्या ओळीत: तोपर्यंत रात्री अकरा ते पहाटे पाच प्रत्येक मजल्यावरचं एक घर आळीपाळीने जागं राहील आणि गच्चीची चावी काचेच्या डबीत दारापाशीच लटकेल. चौथी ओळ मालकाच्या नावासाठी राखून ठेवली आहे. ती भरेपर्यंत तिथे आमच्या घरांचे क्रमांक लिहिले आहेत.

आपल्या इमारतीतल्या कागदाकडेही एकदा पाहा.

आपले नम्र,
सालमिया, फर्वानिया, अब्बासिया, मंगाफ आणि फहाहील इथले काही मराठी रहिवासी
कुवेत