झावळी टांगलेली होडी

पहाटेचे साडेपाच वाजले होते. दक्षिण व्हिएतनाममधल्या कान्थो शहरालगत, कायरांगच्या तरंगत्या बाजारात आमची छोटी होडी मोठ्या होड्यांमधून वाट काढीत चालली होती. प्रत्येक मोठ्या होडीवर एक उंच बांबू उभा आणि त्याच्या टोकाला विकायच्या मालाचा नमुना टांगलेला. कुठे अननस, कुठे रताळी, कुठे भोपळा. पाटी नाही, आरोळी नाही. इंजिनांच्या फटफटीत आरोळी ऐकू तरी कोणाला येणार? लांबूनच बांबू पाहायचा आणि होडी तिकडे वळवायची.

आमच्याबरोबरची वाटाड्या मुलगी विशीतली होती. व्हिएतनामी माणसे एकमेकांना बहुधा नात्यानेच संबोधतात. मी तिच्या वडिलांहून मोठा दिसलो, म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला 'बाक', म्हणजे थोरले काका, करून टाकले. बांबूंची भाषा तिनेच समजावली. "काका, जे टांगलंय ते विकायचं असतं. दोरीवर कपडे टांगलेत, ते मात्र विकायचे नाहीत. चहा आणि शेवयांचं सूप विकतात, पण ते टांगता येत नाही." मग एका बांबूकडे बोट दाखवून ती क्षणभर थांबली. त्याला नारळाची झावळी बांधलेली होती. "तिथे टांगलीय झावळी, पण विकायची आहे होडी."

होडी म्हणजे त्या कुटुंबाचे घर. तिच्यावर कुंड्यांत फुलझाडे होती, दोरीवर लहान मुलाचा सदरा वाळत होता आणि पुढच्या टोकावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, दोन मोठे डोळे रंगवलेले होते. त्या सकाळी मी अशा तीन झावळ्या मोजल्या. माझी उभी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली. कोणी राहते घर विकायला काढले, की पहिला प्रश्न मनात येतो तो किमतीचा नाही, कारणाचा. सहलीचे उरलेले दिवस त्याच प्रश्नामागे गेले.

आपल्या पिढीच्या मनातला व्हिएतनाम युद्धातच अडकून पडला आहे. १९७५च्या ३० एप्रिलला सायगाव पडले तेव्हा मी शाळेत होतो. नंतरच्या काळात मराठी घरांत एक संदेश फिरू लागला, की व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवछत्रपतींच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून. ऐकायला गोड वाटते. पण मी पाहिलेल्या त्यांच्या संग्रहालयांत त्याचा मागमूस आढळला नाही. त्यांना तशी उसनवारीची गरजही नव्हती. इ. स. ९३८ मध्ये आणि पुन्हा १२८८ मध्ये त्यांनी बाक दांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीला शत्रूची जहाजे आत येऊ दिली आणि ओहोटी लागताच ती खांबांवर अडकवली. पहिल्या वेळी चिनी आरमार होते, दुसऱ्या वेळी मंगोलांचे. नदीचे वेळापत्रक ज्याला पाठ, तो जिंकला.

या देशाची शहरे पाहतानाही नदी सुटत नाही. 'हनोई' या नावाचाच अर्थ नदीच्या आतले गाव. तिथला १९०३ साली खुला झालेला लाँग बिएनचा लोखंडी पूल अमेरिकी विमानांनी अनेकदा फोडला, तितक्यांदा तो सांधला गेला. त्यावरून आजही आगगाडी जाते. मध्य व्हिएतनामातले होई आन हे एके काळी जपानी, चिनी, डच व्यापाऱ्यांचे बंदर होते. पुढे नदीचे मुख गाळाने भरले आणि व्यापार शेजारच्या दा नांगला गेला. आपल्या सोपाऱ्यासारखीच ही गत. मात्र व्यापार गेल्यामुळे जुनी घरे शाबूत राहिली आणि आता त्यांच्यावरच गावाचे पोट चालते. गाळाने बंदर बुजवले ही होई आनची गोष्ट. मेकाँगच्या मुखाकडच्या प्रदेशाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे गाळ येईनासा झाला आहे.

तिबेटच्या पठारावर उगम पावलेली मेकाँग चीन, म्यानमार, लाओस, थायलंड आणि कंबोडियातून व्हिएतनामात येते. इथे तिला 'नऊ ड्रॅगनांची नदी' म्हणतात. तिच्या गाळाने घडवलेला सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश देशाचा निम्म्याहून अधिक तांदूळ पिकवतो. युद्धानंतर सामूहिक शेतीचा प्रयोग झाला, तेव्हा याच देशाला तांदूळ आयात करावा लागत होता. १९८६ साली 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण आले. १९८८ मध्ये कसायला जमीन पुन्हा कुटुंबांकडे आली आणि १९८९ मध्ये या देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. १९९३च्या कायद्याने जमिनीच्या वापराचा हक्क वारसाला देण्याची, हस्तांतर करण्याची आणि गहाण ठेवण्याची मुभा मिळाली. जमिनीची मालकी आजही साऱ्या जनतेची, म्हणजे सरकारच्या हाती. पण हक्क गहाण ठेवता आला, की कर्ज मिळते आणि शेतकरी पुढच्या हंगामाचा विचार करू लागतो, हे मी आपल्याकडच्या तालुक्याच्या शाखांत पाहिले आहे. २०२४ मध्ये व्हिएतनामची तांदळाची निर्यात ९० लाख टनांच्या आसपास होती. निर्यातीत भारत पहिला असला, तरी आपल्या पंगतीत हा छोटा देश बसलेला आहे.

मग होड्या विकायला का निघाल्या?

पहिले कारण अगदी साधे आहे. रस्ते झाले. कान्थोचा मोठा पूल २०१० मध्ये खुला झाला आणि २०२३च्या अखेरीस सायगावपासून कान्थोपर्यंत द्रुतगती मार्ग जोडला गेला. जो माल होडीतून यायचा तो आता मालमोटारीतून थेट जातो. २०१६ मध्ये कायरांगच्या बाजाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाल्याने गिऱ्हाईक परत येत नाही. मी हळहळ व्यक्त केली, तेव्हा ती मुलगी हसून म्हणाली, "काका, मी होडीतच जन्मले. रस्ता झाला म्हणून शाळेत गेले." यावर मला बोलता आले नाही. प्रवाशाला जे रम्य दिसते ते जगणाऱ्याला सोसावे लागत असते.

दुसरी कारणे मात्र इतकी निरागस नाहीत. चीनने आपल्या हद्दीत मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर डझनभर मोठी धरणे बांधली. लाओसचे सायाबुरी धरण २०१९ मध्ये वीज देऊ लागले. पूर्वी ही नदी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ आणते असा अंदाज होता. आता त्यातला मोठा भाग धरणांच्या भिंतींमागे बसतो. जो उरतो त्यातली वाळू सायगावच्या इमारती आणि नवे रस्ते यांच्यासाठी उपसली जाते. (वाळू उपशाचे अर्थकारण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको!) तळ खोल गेला, की काठ ढासळतात आणि काठावरची घरे नदीत जातात. शिवाय तिसरे पीक घेण्यासाठी वरच्या भागात उंच बांध घातले. पूर अडला, पण पुराबरोबर फुकट येणारा गाळही अडला आणि त्याची भरपाई विकतच्या खताने सुरू झाली. भूजलाच्या उपशाने जमीन खचते आहे, आणि मुळात हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सरासरी एक मीटरही उंच नाही. कोरड्या ऋतूत समुद्राचे खारे पाणी नदीतून कित्येक किलोमीटर आत शिरते. मार्च २०२० मध्ये पाच प्रांतांना आणीबाणी जाहीर करावी लागली. नद्यांच्या देशात माणसे पिण्याचे पाणी विकत घेत होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, या प्रदेशाने तीस वर्षे भरघोस नफा दाखवला, पण घसारा कधी लिहिलाच नाही. २०१९च्या जनगणनेपूर्वीच्या दहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे इथून निघून गेली, बहुतेक सायगावच्या आसपासच्या बुटांच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांकडे.

हनोईच्या सरकारला हे दिसत नाही असे नाही. नोव्हेंबर २०१७च्या १२० क्रमांकाच्या ठरावाने तांदळाचा हट्ट सोडून निसर्गाच्या कलाने जायचे धोरण मांडले. खारे पाणी येते तिथे कोळंबी, गोडे असते तिथे भात, आणि पुराशी भांडण नको. धोरण शहाणपणाचे आहे. पण कोळंबीला भांडवल लागते, रोग पडला तर तळे एका रात्रीत जाते आणि बांध मोडायला शेजारीही तयार व्हावा लागतो. शिवाय नदीची किल्ली वरच्यांच्या हातात. १९९५ साली स्थापन झालेल्या मेकाँग आयोगात व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस आणि थायलंड आहेत, चीन नाही. २०२० मध्ये चीनने वर्षभर पाण्याची आकडेवारी द्यायचे कबूल केले. पण पाणी सोडल्याचे कळवणे वेगळे आणि सोडण्याआधी विचारणे वेगळे.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटमध्ये ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले, तेव्हा आपण खालच्या अंगाला आहोत याची आपल्याला आठवण झाली. बांगलादेशच्या दृष्टीने मात्र आपण वरच्या अंगाला आहोत. फार लांब कशाला, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले, की एकाच राज्यातली, एकच भाषा बोलणारी माणसे कोर्टात उभी राहतात. नदी अडवणारा नेहमी आपल्या गरजेचे बोलतो आणि त्याची गरज खोटी नसते. फक्त त्या गरजेचा हिशेब खालच्या माणसाच्या वहीत लिहिला जातो.

२०२४ मध्ये सुमारे पाच लाख भारतीय प्रवासी व्हिएतनामला गेले. मुंबईहून थेट विमाने आहेत. आणखी मराठी मंडळी जातील आणि जावेच. कायरांगला गेलात तर फोटो काढण्याआधी बांबूंची टोके पाहा.

उन्हे वर आल्यावर बाजार पांगला. परतताना मी मुलीला विचारले, "विकणारे तीन दिसले. घेणारा कोण?"

"घेणारे मिळतात," ती म्हणाली. "मागच्या वर्षी आमची होडी एका हॉटेलवाल्यानं घेतली. काठाला बांधून ठेवलीय, तिच्यात कॉफीचं दुकान आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "डोळे त्यानं नव्यानं रंगवले. आधीपेक्षा मोठे."