आधी वाटणी, मग डिस्टॉर्शन

क्रॉसओव्हर हा शब्द ऐकला नसेल तरी विसर्जनाच्या रात्री टिळक रोडला उभं राहून त्याचा परिणाम छातीवर घेतलेला असतोच. स्पीकरच्या त्या भिंतीत खालच्या मोठ्या खोक्यांना फक्त खर्ज जातो आणि वरच्यांना बाकीचं सगळं. ही वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. (आपण त्या भिंतीला बिनधास्त 'डॉल्बी' म्हणतो, डॉल्बी कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे रे डॉल्बीनं १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली, तेव्हाचं त्याचं पहिलं नॉइज रिडक्शनचं यंत्र आवाजाचे चार पट्टे करून प्रत्येकावर वेगळं काम करायचं. आजचा विषय नेमका तोच आहे!)

तर मुद्दा असा, की बेस गिटार वाजवणाऱ्यानं इफेक्ट्स प्रोसेसर घेताना त्यात किती अ‍ॅम्पची मॉडेल्स आहेत हे मोजण्याऐवजी सिग्नल फोडायची सोय आहे का, ते आधी बघावं. माझं मत जरा टोकाचं वाटेल, पण दोनशे मॉडेल्सपेक्षा एक क्रॉसओव्हर जास्त कामाचा.

का? बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, ४१.२ हर्ट्झला वाजते. तिच्यासोबत पंचम वाजवला की ६१.७ आला. हे दोन्ही डिस्टॉर्शनमध्ये एकत्र घातले की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन नवीन सूर तयार होतात, त्यातला एक सुमारे २०.५ हर्ट्झचा. तो कोणाला धड ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा हलवतो आणि अ‍ॅम्पची ताकद खातो. वर मूळ खर्जाचा ठोकाही चपटा होतो. घरी एकट्यानं वाजवताना भारी वाटणारा आवाज बँडमध्ये गायब होतो आणि बोलणी खातो बिचारा साउंडवाला.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी ब्लेंडचं बटण असतंच की. असतं, पण ब्लेंडमध्ये डिस्टॉर्शनला पूर्ण सिग्नलच जातो, खर्जासकट. चिखल तयार होतोच, आपण फक्त त्यात स्वच्छ पाणी ओततो. आधी वाटणी केली तर खर्ज डिस्टॉर्शनपर्यंत पोचतच नाही. स्पीकरच्या क्रॉसओव्हरपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे ते इथेच. तिकडे वाटलेले भाग हवेत पुन्हा जसेच्या तसे जुळावेत एवढीच अपेक्षा असते. इकडे मध्ये डिस्टॉर्शन बसलंय, त्यामुळे क्रम बदलला की आवाजच बदलतो.

गिटारवाल्यांनी यात फार पडू नये असं मला वाटतं. त्यांची गरज बरीचशी ट्यूब स्क्रीमरनं कधीच भागवली आहे. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी होत जातो, म्हणजे अर्धा क्रॉसओव्हरच झाला.

प्रोसेसरच्या चिपला हे झेपत नाही, ही सबब चालणार नाही. एचपीमधल्या लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांच्या नावानं ओळखला जाणारा २४ डेसिबलचा क्रॉसओव्हर कोडमध्ये लिहायचा तर लो-पासला दोन आणि हाय-पासला दोन बायक्वाड लागतात. प्रत्येकी पाच गुणाकार, म्हणजे दर सॅम्पलला वीस. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला दहा लाखही होत नाहीत. डीएसपी चिपला हे म्हणजे चहाबरोबर क्रीमरोल.

पण २४ डेसिबलचा तीव्र उतार म्हणजे आपोआप चांगला, हे मला पटत नाही. समजा, वाटणी १५० हर्ट्झला केली. जी तारेवर सातव्या पट्टीला मूळ सूर १४६.८ असतो. तिथून वर सरकलात की तो भराभर डिस्टॉर्शनच्या बाजूला जातो आणि एकाच ओळीतले सूर दोन वेगळ्या वाद्यांवर वाजवल्यासारखे वाटतात. १२ डेसिबलच्या उतारात हा बदल हळू होतो. फक्त त्यात एका बाजूची पोलॅरिटी उलटी करावी लागते, नाहीतर वाटणीच्या जागीच आवाज बुडतो.

दुसरी भानगड उशिराची. वरच्या वाटेत कॅबिनेटचं सिम्युलेशन वगैरे घातलं आणि ती वाट अडीच मिलिसेकंद मागे पडली, तर २०० हर्ट्झला बरोबर अर्धं आवर्तन होतं. दोन्ही वाटा एकमेकींना खातात. म्हणून पोलॅरिटी उलटून एकदा ऐकावं. उलटल्यावर आवाज भरीव झाला तर खालच्या वाटेला थोडा उशीर द्यायचा.

लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये वाट फोडताना क्रॉसओव्हरचा पर्याय मिळतो, अ‍ॅक्स-एफएक्समध्ये त्याचा वेगळा ब्लॉकच आहे. पण ही खोकी महाग. स्वस्तातल्या कित्येक खोक्यांत सगळे इफेक्ट्स एकाच सरळ रांगेत असतात. तसलं घरात आधीच असेल तर लगेच विकायला काढू नका. कॉम्प्युटर आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बेसचे दोन ट्रॅक करा, एकावर लो-पास, दुसऱ्यावर हाय-पास आणि त्याच्यापुढे डिस्टॉर्शन. २०० हर्ट्झपासून सुरुवात करा आणि ड्रम चालू ठेवूनच आकडा ठरवा. एकट्या बेसवर ठरवलेला आकडा प्रॅक्टिसला हमखास बदलावा लागतो.