पूर्वज : कागदावरचे आणि कागदाबाहेरचे

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ग्रँट डफ हे नाव नवे नाही. परंतु १८१८ मध्ये साताऱ्यास नेमला गेलेला आणि छत्रपती प्रतापसिंहांच्या कारभारावर १८२२ पर्यंत देखरेख करणारा अधिकारी ‘डफ’ नव्हताच; तो केवळ कॅप्टन जेम्स ग्रँट होता. स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे १७८९ मध्ये जन्मलेल्या या ग्रँटकडे १८२५ च्या सुमारास मातृकुळातील ईडनची जमीनदारी आली आणि तिच्याबरोबर ‘डफ’ हे नावही आले. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासग्रंथावर हे जोडनाव आहे. पुढे १८५० मध्ये त्याच्या पत्नीला तिच्या आईच्या घराण्याची फाइफ परगण्यातील मालमत्ता मिळाली, तेव्हा त्याने ‘कनिंगहॅम’ हे आणखी एक नाव धारण केले. ईडनच्या या धन्याची वंशावळ लावू पाहणाऱ्याने केवळ डफ घराण्याचे कागद चाळले, तर त्याला ग्रँटच्या वडिलांचाही पत्ता लागणार नाही. तिथे जमीन माणसाच्या मागे येत नव्हती. माणसाचे नाव जमिनीच्या मागे जात होते.

आपला कोणी पूर्वज स्कॉटलंडात जमीनदार होता, असे ऐकलेली असंख्य कुटुंबे आज कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. त्यांचा शोध बहुधा एडिंबरोच्या दप्तरखान्यात येऊन पोहोचतो, आणि तिथे त्यांची सहसा निराशा होत नाही. जमिनीच्या हस्तांतराची ‘सेसिन’ नोंदवही त्या देशात १६१७ पासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताबा देताना त्या जमिनीतील माती आणि दगड नव्या मालकाच्या हाती प्रत्यक्ष ठेवण्याची रीत होती, आणि त्या विधीचा लेख नोंदवहीत उतरत असे. १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने थेट देता येत नव्हती. त्यामुळे नुसती मृत्युपत्रे शोधणारा फसतो. वारस कोण, हे स्थानिक पंचांसमोर सिद्ध करावे लागे; त्या निर्णयांचे लॅटिन कागद सोळाव्या शतकापासूनचे मिळतात. १६८५ च्या कायद्याने मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच वंशशाखेला बांधून ठेवण्याची सोय झाली, आणि वारसाने घराण्याचे आडनाव व मानचिन्ह धारण केलेच पाहिजे, अशी अटही तीत घालता येई. शिवाय स्कॉटिश कागदपत्रांत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव टिकून राहते. शोध घेणाऱ्याला ही गोष्ट किती उपकारक आहे, हे जुने कुलवृत्तांत चाळलेल्या मराठी वाचकाला सांगावयास नको.

ही सारी व्यवस्था पूर्वजांविषयीच्या आदरापोटी निर्माण झालेली नाही. ती मालकी हक्काच्या रक्षणासाठी उभी राहिली. ज्याच्यापाशी जमीन होती त्याचा बाप, आजा, पणजा कागदावर आला. ज्याच्यापाशी नव्हती तो चर्चच्या जन्म-विवाहाच्या नोंदींत सापडला तर सापडला. या नोंदींनाही मोठी खिंडारे आहेत. जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली ती १ जानेवारी १८५५ पासून. म्हणजे जमीनदाराची वंशावळ त्याच्या कुळाच्या वंशावळीहून कित्येक पिढ्या मागे जाते. याचे कारण त्याचे घराणे अधिक प्राचीन होते हे नसून त्याची मिळकत मोठी होती, हे आहे.

येथे थोडे अंकगणित करू. प्रत्येकाला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार. असे दहा पिढ्या मागे गेलो, तर वंशवृक्षात १,०२४ जागा होतात. त्यांपैकी एका जागेवर जमीनदार सापडला म्हणून ‘आम्ही त्या घराण्यातले’ असे म्हणायचे, तर उरलेल्या १,०२३ जागांवरची माणसे कोणाची?

ही माणसे कोण होती, याची चुणूक सदरलंडच्या इतिहासात मिळते. तेथील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून १८१४ मध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावून लावण्यात आले. घरे जाळल्याच्या आरोपावरून जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेस येथे खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. जहागिरीचे दप्तर आज उपलब्ध आहे. परंतु त्यात कूळ दिसते ते खंड देणारा किंवा खंड थकविणारा म्हणून. त्याला स्वतःचे म्हणणे मोठ्या प्रमाणावर मांडता आले ते १८८३ मध्ये, नेपियर आयोगासमोर. त्यानंतर १८८६ च्या कायद्याने डोंगराळ प्रदेशातील कुळांच्या वहिवाटीला संरक्षण मिळाले. जमीनदार पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने या आयोगाच्या साक्षी वाचल्या नाहीत, तर त्याने आपल्याच घराच्या इतिहासाचे अर्धे पान कोरे ठेवले असे म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. मालमत्ता विकत घेतली, वाढविली, तर पैसा आला कोठून? बक्सारच्या १७६४ च्या लढाईतील विजयी सेनापती हेक्टर मन्रो हा नोव्हारचा जमीनदार. त्याने आपल्या मुलखातील फायरिश टेकडीवर बांधविलेली कमान नागपट्टणमच्या वेशीची प्रतिकृती म्हणून ओळखली जाते. हिंदुस्थान आणि स्कॉटिश जमीनदारी यांचे नाते याहून उघडपणे दगडात कोरता आले नसते. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, मालकांना. आणि दावेदारांत स्कॉटिश नावे विपुल आहेत. त्या दाव्यांचे कागद जपलेले आहेत. ते पाहावयाचे की टाळावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, पणजोबाच्या कृत्यांचा जाब पणतूला का विचारावा? विचारू नयेच. परंतु मग पणजोबाच्या वाड्याचा अभिमानही पणतूने मिरवू नये. श्रेय वारसाने येते आणि दोष मात्र येत नाही, असा हिशेब कोणत्याही खतावणीत जुळत नाही.

आपल्याकडेही कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे. वतनपत्रे, सनदा, महजर यांच्या आधारे घराण्यांचा मूळपुरुष निश्चित होतो, आणि त्यात संशोधकांचे श्रम खरोखर मोलाचे आहेत. पण वतनदाराची सनद जपली गेली, तशी त्याची जमीन कसणाऱ्याची पिढी कोणी लिहिली? १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुळे मालक म्हणून सरकारी दप्तरात आली. त्यांच्या नातवंडांना तलाठ्याकडील जुने फेरफार हाच वंशेतिहासाचा पहिला अध्याय ठरणार आहे. ते कागद वाळवीच्या स्वाधीन न होऊ देणे, हे एखाद्या सरदाराच्या बखरीच्या संपादनाइतकेच महत्त्वाचे इतिहासकार्य होय.

स्कॉटलंडने ज्येष्ठ पुत्राचा वारसाहक्क १९६४ च्या कायद्याने संपविला आणि जमिनीवरील सरंजामी धारणापद्धती २००४ मध्ये निकालात काढली. कायद्याने जुने नाते तोडले, तरी वंशावळी अजून जुन्याच नजरेने वाचल्या जातात. पूर्वजांचा शोध अवश्य घ्यावा. मात्र जमीनदार सापडला की वही मिटू नये. त्याच्या खंडवसुलीच्या यादीतील नावेही उतरून घ्यावीत. त्यांतले एखादे आपलेच असण्याचा संभव अधिक आहे.