परत आलेल्या मुलाला आपण काय विचारतो?



आपल्याकडचा एखादा मुलगा सैन्यात अधिकारी होण्यासाठी निवडला गेला की काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, पेढे वाटले जातात. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'गावचा सुपुत्र'. यात चूक काहीच नाही. लाखो मुलं परीक्षेला बसतात, त्यातून एनडीएच्या एका तुकडीत चारशेच्या आसपास मुलं जातात. कौतुक व्हायलाच हवं.

पण तोच मुलगा दीड वर्षाने ट्रंक घेऊन परत आला तर?

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचं असं झालं. त्याचं नाव सांगणार नाही, अकादमीचंही नाही. अभ्यासात तो एकदा मागे पडला, त्याला एक टर्म खाली बसवलं. पुढच्या वेळीही जमलं नाही आणि त्याला प्रशिक्षणातून काढण्यात आलं. तो रात्रीच्या एसटीने आला. दिवसा यायची हिंमत झाली नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. पुढचे दोन महिने तो घराबाहेर पडला नाही. आई शेजाऱ्यांना सांगायची, "सुट्टीवर आलाय." आता दोन महिन्यांची सुट्टी कोणाला पटणार? लोकांना सगळं कळलं होतंच, फक्त त्याच्यासमोर कोणी बोलत नव्हतं.

मला इथे एक कबुली द्यायची आहे. त्या दोन महिन्यांत मीही त्याच्या घरी गेलो नाही. सत्काराच्या दिवशी माईकवर सगळ्यात लांब भाषण माझं होतं. आणि तो परत आल्यावर काय बोलावं, हे मलाच सुचत नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी हे समजून घ्या

एनडीएचं प्रशिक्षण तीन वर्षांचं, म्हणजे सहा टर्मचं असतं. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात मुलं अर्ज करतात. खडकवासल्याला पदवीचा अभ्यास, ड्रिल, पोहणं, घोडेस्वारी, क्रॉस कंट्री हे सगळं एकाच वेळी चालू असतं. त्यात सगळेच टिकत नाहीत. कुणाचा गुडघा जातो, कुणी विषयात नापास होतं, कुणाच्या हातून शिस्तभंग होतो, कुणाला आत गेल्यावर कळतं की हे आयुष्य आपलं नाही.

ही चारही कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. वैद्यकीय कारणाने किंवा स्वतःहून बाहेर पडलेल्याला, अटी पूर्ण होत असतील तर, पुन्हा प्रयत्न करता येतो. पण शिस्तभंग किंवा अधिकाऱ्याला लागणाऱ्या गुणांचा अभाव, या कारणाने काढलेल्याला एनडीएत पुन्हा प्रवेश नाही. म्हणून पालकांनो, पहिलं काम हे की काढल्याच्या आदेशात कारण नेमकं काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. स्वतःहून सोडलं असेल तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागू शकतो. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केलेला कागद आठवतोय का? तोही काढून वाचा. "बघू पुढच्या वेळी" असं मोघम आश्वासन मुलाला देऊ नका. दार उघडं आहे की बंद, हे त्याला खरं कळलं पाहिजे.

प्रशिक्षणात जखमी होऊन परत आलेल्यांची अवस्था तर आणखी अवघड. कमिशन मिळण्याआधीच बाहेर पडल्यामुळे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. सैनिक होण्याच्या वाटेवर ज्याने शरीर गमावलं, त्याला आपण गावात 'नापास झालेला' म्हणत असू, तर लाज आपल्याला वाटायला हवी.

कलामसाहेबांची गोष्ट लगेच सांगू नका

अशा मुलाला भेटलं की आपण शिक्षक हमखास एक उदाहरण देतो. अब्दुल कलाम हवाई दलाच्या निवडीसाठी देहरादूनला गेले होते, पंचवीस जणांत नववे आले आणि आठच घेतले. पुढे ते राष्ट्रपती झाले. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण पहिल्या आठवड्यात ती सांगू नका. एक तर या मुलाचं दुःख वेगळं आहे. कलामांना आत घेतलंच नव्हतं. हा आत जाऊन आलाय. त्याने तो गणवेश घातलाय, पहाटेचा बिगुल ऐकलाय, तिथे भावासारखे मित्र केलेत. ते मित्र पुढे जाणार आणि हा इथे स्टुलावर बसून फॅनकडे बघणार. दुसरं म्हणजे, आपण राष्ट्रपतींचं उदाहरण देतो तेव्हा त्याला ऐकू येतं, "म्हणजे आता याहून मोठं काहीतरी करून दाखव." त्याला आधी नुसतं जेवायचं असतं हो.

मग काय करायचं? माझ्या मते, एवढंच.

पहिलं, घरात खोटं बोलायचं नाही. "तिथून परत आला, आता इथे शिकणार आहे," एवढं एक वाक्य सगळ्यांनी ठरवून ठेवा. लपवलं की मुलाला वाटतं, आपण घराची लाज आहोत.

दुसरं, चूक त्याची असेल तर ती त्यालाच पाहू द्या. कॉपी, मारामारी, नियम मोडणं यातून तो आला असेल, तर 'तिथलं राजकारण' म्हणून पांघरूण घालू नका. पण एकदा बोलून झालं की रोज तेच उगाळूही नका.

तिसरं, वर्ष वाया जाऊ देऊ नका. जितक्या सत्रांचे गुण मिळाले आहेत, त्यांची कागदपत्रं मागून घ्या आणि ते धरले जातील का, हे जवळच्या विद्यापीठात विचारा. नियमित महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पदवी झाली की सीडीएस, बँका, राज्यसेवा, पोलीस अशा कितीतरी वाटा दिसतात. अर्थात, जिथे जिथे अर्ज कराल तिथल्या अटीत आधीच्या काढण्याबद्दल काय म्हटलंय ते वाचा आणि फॉर्ममध्ये लपवू नका.

चौथं, झोप आणि जेवण यांवर लक्ष ठेवा. मुलगा खोलीबाहेर येत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वाट बघू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे न्या.

आणि आपलं काय?

दरवर्षी आपण वर्गात 'मी सैनिक झालो तर…' हा निबंध लिहून घेतो. मुलं सीमा, तिरंगा, शहीद असं सगळं छान लिहितात. यंदा मी आठवीला दुसरा विषय दिला: 'मला जमलं नाही तेव्हा'. एका मुलीने सायकलच्या स्पर्धेबद्दल लिहिलं, एकाने वडिलांच्या बंद पडलेल्या दुकानाबद्दल. इतके खरे निबंध मी बऱ्याच वर्षांत तपासले नव्हते. तुम्हीही देऊन बघा.

आणि सत्काराचं म्हणाल तर, तो करा, पण निवड झाल्यावर मुलाला 'देशाचा रक्षक' करून टाकू नका. तो अजून शिकायला चाललाय, एवढंच म्हणा. म्हणजे परत यायची वेळ आली तर उतरायला जिना राहतो.

त्या मुलाकडे मी शेवटी गेलो, तिसऱ्या महिन्यात. कारण विचारलं नाही. म्हटलं, "सकाळी नववीची पोरं पळायला येतात, त्यांना वॉर्मअप नीट करता येत नाही. येशील का?" तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी मैदानावर आला. आता तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये त्याची तुकडी पास आऊट झाली, तेव्हा तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला.

शाळेच्या फलकावरचा त्याचा फोटो काढावा का, अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत झाली होती. मी म्हटलं, राहू द्या. तो निवडला गेला होता, हे काही खोटं नाही.

तुमच्या गावात असा कोणी परत आला असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. "काय झालं रे?" हे विचारू नका. "चहा घेतलास का?" एवढं विचारा. पुढचं तो सांगेल.