चहा कोणत्या पाण्याचा?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या फ्लोराइडची चर्चा होते ती हापशापाशी. भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक; दुसरी सोयच नसेल, तर १.५ पर्यंत. आकडा त्यात बसला की विषय मिटतो. पण त्याच पाण्याचा चहा होतो, तोही दिवसातून चार-पाचदा.

चहाचं झुडूप मातीतलं फ्लोराइड ओढून पानांत साठवतं. कोवळ्या शेंड्यात कमी, जून पानांत कितीतरी जास्त. तिबेटी लोक जून पानं आणि देठ दाबून केलेल्या विटांचा चहा बराच वेळ उकळून, लोणी-मीठ घालून दिवसभर पितात. पाणी चांगलं असूनही तिथे दात डागाळले, सांधे आखडले. चीनने २००५ साली अशा चहासाठी किलोला ३०० मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा घातली.

आपला चहा विटांचा नाही, पण करायची रीत बघा. पावडर जितकी बारीक, तितकं फ्लोराइड लवकर उतरतं. सीटीसी आणि डस्टमधलं बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच. टपरीवर तर चोथा न काढताच वर नवी पावडर, नवं पाणी, पुन्हा उकळी. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जागचं हलत नाही. १.५ मिलिग्रॅमचं लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं, की प्रमाण २ वर जातं. त्यात पानांतलं वेगळंच.

दुधातलं कॅल्शियम थोडंफार फ्लोराइड बांधून ठेवतं. पण दूध परवडत नाही त्या घरात कोरा चहाच असतो आणि तो पोटाला आधार म्हणून प्यायला जातो. सकाळी चहात पोळी बुडवून खाणाऱ्या चार-पाच वर्षांच्या पोराचे कायमचे दात तेव्हा हिरडीत घडत असतात. एकदा डाग पडले की ते जन्मभराचे.

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. पाणी चांगलं असेल, तर दोन-तीन कपांनी मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. बाधित गावात मात्र प्यायला जारचं पाणी आणि चहा-स्वयंपाकाला बोअरचं, कारण ‘उकळतंच की’, हा हिशेब घातक आहे. शुद्ध पाणी थोडंच मिळत असेल, तर त्यातलं आधी चहाच्या पातेल्यात जाऊ द्या, चोथा दर वेळी टाका आणि लहान मुलांना चहा देऊ नका. आशाताई घरोघरी जातात तेव्हा ‘पिण्याचं पाणी कुठलं?’ यासोबत ‘चहा कोणत्या पाण्याचा करता?’ हेही विचारलं जावं. आरोग्य खात्याने हा प्रश्न त्यांच्या नोंदवहीत घालावा, अशी माझी मागणी आहे.