डुकरांचा खोकला आणि आपली औषधे

डुकरांच्या खोकल्याशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध औषधांचा आहे. मायकोप्लाझ्मा जंतूमुळे डुकरांना चिवट न्यूमोनिया होतो. त्यावर टेट्रासायक्लिन गटातली औषधे देतात. मीही रुग्णांना तीच लिहून देतो. निरोगी डुकरांनाही ती खाद्यातून रोज चारली, की जंतू औषधाला सरावतात. डेन्मार्कने २००० सालापर्यंत वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे थांबवले. तिथला वराहपालनाचा धंदा काही बुडाला नाही! आपल्याकडेही २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली, ते योग्यच झाले. खेळती हवा, कमी गर्दी, लस, आणि एक तुकडी विकल्यावर शेड धुऊन, वाळवून मगच दुसरी आणणे, हा माझ्या मते खरा बंदोबस्त. आजारी जनावराला औषध जरूर द्यावे, पण पशुवैद्याला दाखवून.